चिंचेने घासलेली तोफ

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाला मी जन्मभर तोंडावर मूर्ख म्हणत आलोय. आजही म्हणेन. त्यामुळे हे वाचून मला कोणी तेच म्हटलं तर राग नाही. शाळा पाचवीपर्यंत, लिहायची सवय नाही. कागदावर खरडलंय, सूनबाई टाइप करून इथे टाकतेय. तिला सांगितलंय, शुद्ध करत बसू नकोस, आहे तसं जाऊ दे.

मी दुबईत जबल अलीला एका लिलाव कंपनीच्या यार्डात फोरमन होतो. माल म्हणजे जुन्या तोफा. खऱ्या, लढाईतल्या — आता निकामी केलेल्या. शौकीन पैसेवाले त्या घेतात नि बंगल्यापुढे ठेवतात. त्या तोफांना पट्टे बांधायचे, क्रेनने उचलायचं आणि ओरखडा न येता ट्रकवर ठेवायचं, हे माझं काम. मुलगा दुबईतच दुसऱ्या एका ऑफिसात नोकरीला. ऊद मेथाला त्याचा फ्लॅट, त्यात आम्ही सगळे — मी, माझी बायको शालन, मुलगा, सून आणि नात इरा.

यार्डात आम्ही इंडियावाले खंडेनवमीला हत्यारं पुजायचो. क्रेन, साखळ्या, पाने... सगळ्यांना हार. मंदी यायच्या आदल्या वर्षी शालन पण आली. शिऱ्याचा डबा, झेंडू, आणि पूजेचं ताम्हन घासायला चिंचेचा गोळा नि मीठ. पूजा झाली आणि तिचं लक्ष शेडच्या टोकाच्या तोफेकडे गेलं. यार्डाचा पीटर साहेब तिला ब्रॉन्झ म्हणायचा, आम्हाला ते पितळच. पार काळी-हिरवी पडलेली.

"साखळ्यांना हार, आणि खरं हत्यार तसंच?" शालन म्हणाली. "पण अशा पारोशीला कुंकू तरी कसं लावायचं..."

मी शिरा खात होतो. वळून बघतो तर बाईने पदर खोचून घासायला घेतलेली.

आता ह्या धंद्यातली गोष्ट सांगतो. तो काळा-हिरवा थर असतो ना, त्याला साहेब लोक पॅटिना म्हणतात. तोच तोफेच्या वयाचा दाखला. तो गेला की भाव गेला. आमच्या बायकांना पितळ लख्ख हवं, आणि ह्यांना मळकं तेच खरं. मी धावत पोचेपर्यंत मागच्या अंगाला, बत्ती द्यायच्या भोकाशेजारी, तळहाताएवढी जागा सोन्यासारखी झाली होती. पीटर साहेब आला, बघितलं, नि डोकं धरून खालीच बसला. शालनला इंग्रजी येत नव्हतं, त्याला मराठी. तिने त्याच्यापुढे शिऱ्याची वाटी धरली आणि मला म्हणाली, "अहो, त्यांना सांगा, उरलेली पुढच्या दसऱ्याला घासून देईन."

मी काही ते सांगितलं नाही. साहेब भला माणूस. शिरा खाल्ला आणि माझी नोकरी ठेवली.

पुढचा दसरा तिने बघितला नाही. उन्हाळ्यात छातीत कळ आली नि खलास. जबल अलीतच अग्नी दिला. अस्थी गावी आणून गुहागरच्या बाजूला आमच्या खाडीत सोडल्या. दिवस घातले, कावळासुद्धा पटकन शिवला. पण ती गावी आलीय असं मला वाटेचना. ओटीवर बसलो तर घर नुसतं भांय भांय. तिला कुठेतरी ठेवून आलो आणि कुठे ते आठवत नाही, असं व्हायचं. सुट्टी संपायच्या आत परत कामावर गेलो.

ती तोफ काही विकली जात नव्हती. माणूस यायचा, घासलेली जागा बघून पुढे जायचा. साहेबाने बाहेरून कारागीर आणवला. त्याने औषध लावून ती जागा अशी काळी केली की मलासुद्धा शोधावी लागली. लिलावाआधी ताडपत्री काढली — जागा परत लख्ख. त्याने पुन्हा काळी केली. पुन्हा तेच. आता जबल अली म्हणजे समुद्राला लागून. त्या खाऱ्या हवेत नवं पितळ बघता बघता काळं पडतं. आमचा पठाण ड्रायव्हर गुल खान मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, चाचा, खरं सांगा, चोरून तुम्हीच घासता ना? मी त्याला शिव्या घातल्या.

मग मंदी आली. उंच बिल्डिंगा अर्ध्यावर थांबल्या, तोफा घेणारे फोन उचलेनात. पुढच्या उन्हाळ्यात कंपनीने ठरवलं, असेल तो माल मिळेल त्या भावाला फुंकायचा आणि यार्ड बंद. म्हणजे माझा व्हिसाही कॅन्सल. मुलगा म्हणाला, बाबा, तिकीट काढतो. मी म्हणायचो, बघू.

त्याच दिवसांतली गोष्ट. तोफ शेडबाहेर काढून ठेवली होती. भर दुपार. तिथल्या उन्हात लोखंडाला हात लावला तर कातडी निघते, आम्ही जाड हातमोजे घालून काम करायचो. पट्ट्याचं माप घ्यायला मी मोजा काढला आणि चुकून हात टेकला — त्याच जागेवर.

गार.

माठाला हात लावावा तशी. दचकून बोटं बाजूला सरकवली तर चटका. परत त्या जागी — गार. गुल खानला हाक मारली. त्याने बोट लावलं आणि झटकन ओढून घेतलं. म्हणाला, चाचा, सावलीत चला, तुम्हाला ऊन लागलंय.

म्हणा काहीही. त्या दिवसापासून दुपारचा डबा मी तोफेला टेकून खायला लागलो, डावा हात छत्रीला नि जेवण झालं की उजवा त्या जागेवर. इराचा दात पडला ते सांगायचो. सूनबाईची आमटी अळणी होते तेही सांगायचो. (सूनबाई, हे पण टाइप कर.) मुलगा तिकिटाचं विचारायचा, मी टाळायचो. त्याला काय सांगू, तुझी आई जबल अलीत आहे, तिला टाकून कसा येऊ?

लिलावात ती तोफ फुजैराकडच्या एका म्हाताऱ्या अरबाने घेतली. जुन्या लोकांना हिंदी चांगलं येतं. तोफेभोवती हळूहळू फिरला, त्या जागेवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "ये इधर ठंडा क्यों है?"

मी म्हटलं, "मेरी घरवाली ने घिसा था."

"किधर है वो?"

"गई."

त्याने मान हलवली. "मेरी भी," म्हणाला. मग साहेबाला त्याने बजावलं, ह्या जागेला आता कोणी औषध लावायचं नाही.

न्यायच्या दिवशी पट्टे मीच बांधले. क्रेनवाल्याला म्हटलं, थांब जरा. मोजा काढला, हात ठेवला. गारच होतं, रोजच्यासारखं. हळूच म्हटलं, "शालन, ही चालली फुजैराला. मी चाललो गावी. तू कुणाबरोबर?"

सणकन चटका बसला. पोळ्या होत असताना ताटलीतली एखादी उचलायला गेलो की ती हातावर गरम उलथनं टेकवायची — तसा. हात तोंडात घालून उभा राहिलो. दुसऱ्या हाताने चाचपलं तर सगळी तोफ एकसारखी तापलेली. गार कुठेच नाही. ट्रक गेला. तळहातावर हा मोठा फोड आला. घरी येऊन मुलाला म्हटलं, काढ तिकीट.

गावी येऊन ओटीवर बसलो. घर तेच, भिंती त्याच. पण ते भांय भांय वाटणं नव्हतं. का ते मला सांगता येणार नाही. नंतर गुल खानचा फोन आला. तो माल पोचवायला फुजैराला जाऊन आला होता. म्हणाला, चाचा, ती जागा पार काळी पडलीय, कुठे होती तेसुद्धा कळत नाही. म्हातारा रोज हात लावून बघतो म्हणे. त्याचं मला वाईट वाटलं.

पुढच्या मे महिन्यात मुलगा सगळ्यांना घेऊन आला. इराला आल्या आल्या ताप. लाईट गेलेली, पोर तळमळत होती. मी उशाशी बसलो आणि कपाळावर डावा हात ठेवला. तिने डोळे न उघडता तो बाजूला केला.

"आबा, नॉट दॅट वन. द अदर वन."

उजवा ठेवला, फोडाचा वण असलेला. पोरीने दोन्ही हातांनी धरून ठेवला. "डोन्ट टेक इट अवे," म्हणाली आणि झोपली. मी हात काढून स्वतःच्या गालाला लावून बघितला. मग शेजारी बसलेल्या सूनबाईच्या हातात दिला. तिने डोळ्याला पदर लावला. आता हे टाइप करताना तिनेच सांगावं, गार होता की नव्हता.

होता, बाबा. — मंजिरी

एरवी हा हात चारचौघांसारखा गरम, पोरीच्या तापातच गार झाला. डॉक्टर म्हणतो, भाजल्यावर शीर मेली असेल. मेली असेल. मग डोंबलाची मेलेली शीर पोराचा ताप कसा ओळखते, ते त्यालाही सांगता येत नाही, मलाही नाही. मी मूर्खात निघालो असेन तर निघू दे. दसऱ्याला देव्हाऱ्यातलं सगळं पितळ मी चिंच-मीठ लावून घासतो. तोफ तिची अर्धवट राहिली, निदान हे तरी पुरं करावं. उजव्या हाताने घासतो. काळं पटकन निघतं.