लेगॅट्स वेलची ओली धावपट्टी

व्हर्ना टिड्सवेल टॅरिना डाउन्सच्या गुरांच्या रानावर स्वयंपाकाला लागली, त्याला बत्तीस वर्षं झाली होती. दर मंगळवारी टपालाचं विमान उतरायच्या आधी ती जुना ट्रक काढून धावपट्टीवर दोन फेऱ्या मारायची, कांगारू हाकलायची. पण विमानात ती एकदाही बसली नव्हती. कारण नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी तिच्या डोळ्यांदेखत एका विमानाचं चाक ओल्या मातीत रुतलं आणि विमान उलथं झालं. वैमानिक पट्ट्याला लटकलेला. व्हर्नाने भाजीच्या सुरीने पट्टा कापून त्याला ओढून काढलं. माणूस वाचला, पण सांडलेल्या इंधनाचा वास तिच्या नाकातून गेला नाही.

त्या मार्चमध्ये नद्या फुगल्या आणि रस्ते पाच आठवडे पाण्याखाली गेले. अशातच एका सोमवारी सकाळी पावाचं पीठ मळताना तिच्या डाव्या डोळ्यात खालून काळी सावली चढू लागली. फोनवरच्या नर्सने आडपडदा ठेवला नाही. "डोळ्याचा आतला पडदा सुटतोय. दोन दिवसांत शस्त्रक्रिया झाली नाही, तर डोळा गेला समजा. उद्या टपालाचं विमान येतंय ना? त्यात बसा."

मंगळवारी ब्रॉनने तिला पुढच्या सीटवर बसवून पट्टा आवळला. ब्रॉन सव्वीस वर्षांची, तोंडाने फटकळ, वैमानिक म्हणून दुसरं वर्ष.

"व्हर्नाबाई, श्वास घ्या हो. फुकट आहे."

"तू समोर बघ, पोरी. माझ्याकडे नको बघूस."

वाटेत एकच थांबा होता, लेगॅट्स वेल. तिथली माणसं पुरामुळे शहरात निघून गेली होती. पट्टीच्या कडेला पत्र्याची शेड आणि टपाल ठेवायचा मोडका फ्रीज, एवढंच. त्यात टपाल टाकून लगेच निघायचं होतं. वरून माती वाळलेली दिसत होती. पण चाकं टेकली आणि थोड्याच अंतरावर विमान असं खेचलं गेलं, जणू कोणीतरी मागून शेपूट धरलंय. नाक झुकलं. व्हर्ना किंचाळली. ब्रॉनने कसंबसं विमान सावरून कोरड्या जमिनीवर नेलं.

इंजिन बंद झालं. "मला वाटलं, उलटतोय आपण," ब्रॉन पुटपुटली. ते ऐकून व्हर्नाचं उरलंसुरलं अवसान गेलं. आतापर्यंत तिला वाटत होतं, निदान एकीला तरी भीती नाहीये.

पश्चिमेला ढग जांभळा झाला होता.

"अर्ध्या तासात हा इथे कोसळणार," ब्रॉन म्हणाली. "मग आठवडाभर आपण इथेच. आणि तुमचा डोळा..." तिने धावपट्टीकडे पाहिलं. "पट्टीचा कुठला भाग धड आहे, तेच मला कळत नाहीये."

व्हर्नाला ते कळत होतं. ती खाली उतरली, टाच मारत मारत चालू लागली. वर पापुद्रा, खाली अर्धकच्च्या पुडिंगसारखा लिबलिबीत चिखल. एक डोळा मिटलेला, आणि नाकात तोच जुना वास. जिथे माती टणक लागली तिथे तिने बॅगेतला लाल स्वेटर टाकून वर दगड ठेवला. तिथून पश्चिमेच्या टोकापर्यंत पावलं मोजली.

"चारशे दहा पावलं."

"उडायला मला साडेचारशे लागतात."

दोघींनी विमान रिकामं केलं. कुत्र्यांच्या खाण्याची खोकी, ट्रकचा टायर, व्हर्नाची बॅग, सगळं शेडमध्ये गेलं.

"आता मलाही ठेव," व्हर्ना म्हणाली. "पंच्याऐंशी किलो कमी होतील. मी राहीन. खरंच सांगते."

आणि ती खरंच सांगत होती. त्या क्षणी तिला डोळा नको होता, फक्त पायाखाली जमीन हवी होती.

ब्रॉन रागावली. "मग तुम्हाला आणलं कशाला? ढगाचा वारा समोरून येतोय, त्यावर विमान कमी अंतरात उठेल. बसायचं तर बसा. नाहीतर मीही नाही जात."

"म्हणजे सगळं माझ्या डोक्यावर टाकतेस?"

"हो."

व्हर्ना बसली, शिव्या देत बसली. विमान लाल स्वेटरपाशी वळवून ब्रॉनने इंजिन पूर्ण जोरात सोडलं. काळा ढग समोरून अंगावर येऊ लागला. काटेरी झुडपांची ओळ जवळ आली, आणखी जवळ आली. व्हर्नाने आईला हाक मारली. आई जाऊन वीस वर्षं झाली होती. मग खालची खडखड एकदम थांबली. चाकांना झुडपांचे शेंडे घासल्याचा आवाज आला आणि विमान कण्हत कण्हत डावीकडे वळलं. दीड तासाने ते शहराच्या धावपट्टीवर उतरलं.

त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. डोळा वाचला, फक्त खालची कड धूसर राहिली. रस्ते सुकल्यावर व्हर्ना बसने आणि मग दुधाच्या ट्रकने अकराशे किलोमीटर हाडं खिळखिळी करत परत आली.

"विमानाने का नाही आलात?" पुढच्या मंगळवारी ब्रॉनने विचारलं.

"माझी हौस फिटली."

पण भीती काही फिटली नाही, उलट वाढली. आता पाऊस पडून गेला की व्हर्ना ट्रक बाजूला लावते आणि सगळी पट्टी टाच मारत पायी चालते. इंजिनाचा आवाज कानावर आला की ती चूल तशीच सोडून बाहेर येते. विमान उडून लहान ठिपका होईपर्यंत ती उन्हात तशीच उभी राहते, आणि चुलीवरचं मटण त्या दिवशी हमखास करपतं.