पिवळी पट्टी

संगणकाच्या पडद्यावर लाल काही दिसलं की आमचे सर आधी त्यावर तळहात ठेवायचे. मग कोणी बघत नाही ना, याची खात्री करून म्हणायचे, "होतंय, होतंय. घाबरायचं नाही." खोलीत घाबरलेले एकटे तेच असायचे.

असा एक माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. नसेल तर नीट बघा, बहुधा तोच तुमचा मालक असेल.

सर मूळचे गणिताचे मास्तर. संगणकाचे दिवस आले म्हणून शाळा सोडून त्यांनी नाशकाच्या इंदिरानगरात पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या घेतल्या आणि सॉफ्टवेअर कंपनी काढली. कंपनी म्हणजे सर, मी आणि खालून येणारं पीठ. शाळांचे निकाल तयार करणारा प्रोग्राम हा आमचा एकमेव माल. गिऱ्हाईक म्हणून मुख्याध्यापक यायचे, आणि सर त्यांना आपल्या मास्तरकीचं रहस्य सांगायचे. "तपासणीला कच्ची पोरं घरी ठेवायची. आदल्या दिवशीच सांगायचं, बाळा, उद्या तुला बरं नाहीये." मुख्याध्यापक खो खो हसायचे, कारण तेही तेच करत आलेले. मला त्या हसण्याची शिसारी यायची.

दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. कुठल्याशा हॉटेलातल्या भाषणाला जाऊन सर एक फुकटची फाइल आणि एक नवा शब्द घेऊन आले. "मॅडम, ते युनिट टेस्टिंग बसवून टाका. पण बिनपैशाचं हं. फुकट ते पौष्टिक!"

युनिट टेस्टिंग म्हणजे प्रोग्रामच्या एकेका तुकड्याला प्रश्न विचारायचा आणि बरोबर उत्तर आधीच लिहून ठेवायचं. सगळी उत्तरं जुळली तर पडद्यावर हिरवी पट्टी, एक जरी चुकलं तरी लाल. आम्ही प्रोग्राम लिहायचो ते सॉफ्टवेअरही फुकट आवृत्तीतलं, आणि ते बाहेरच्या कुठल्याही प्रोग्रामला घरात घेत नव्हतं. विकतच्या आवृत्तीत जे एका बटणावर होतं, त्यासाठी मला सेटिंगची फाइल नोटपॅडमध्ये उघडून हाताने ओळी घालाव्या लागल्या. मध्ये लोडशेडिंग, मध्ये पाठीशी उभे सर. "अजून नाही बसलं?" हे त्यांचं एकमेव तांत्रिक योगदान.

शेवटी बसलं. पहिला प्रश्न मी विचारला, दोन आणि दोन किती. पट्टी हिरवी झाली. सरांनी पेढे आणले. दोन आणि दोन चार झाल्याबद्दल पेढे वाटणारी नाशकातली ती पहिलीच कंपनी असावी.

मग मी खरा प्रश्न विचारला. एखादी मुलगी आजारपणामुळे एका पेपरला गैरहजर आहे, तिचा डॉक्टरी दाखला आहे, तर काय? नियम असा, की त्या विषयात तिच्या आधीच्या परीक्षांवरून गुण धरायचे. आमचा प्रोग्राम सरळ शून्य देत होता. पट्टी लाल झाली. सरांचा तळहात पुढे आला.

"सर, हात काढा. प्रोग्राम चुकतोय."

"उद्या मुख्याध्यापक बघायला येणार आहेत हो! हा एवढा एकच प्रश्न वगळता नाही येणार?"

यायचा. प्रश्नाच्या डोक्यावर एक शब्द लिहिला की यंत्र तो सोडून देतं आणि पट्टी पिवळी होते. मी नकार दिला, तर सरांनी पुस्तकात बघून तो शब्द स्वतः लिहिला. आयुष्यात त्यांनी लिहिलेला तेवढाच कोड.

"पिवळा काय वाईट आहे?" ते म्हणाले. "हळदीचा रंग. शुभ असतो."

मुख्याध्यापकांनीही मान डोलावली. प्रोग्राम विकला गेला. दुरुस्ती नंतर करू, सर म्हणाले, आणि नंतर म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे.

मे महिन्यात देवळ्याकडच्या एका शाळेतून फोन आला. नववीतल्या एका मुलीला विज्ञानाच्या पेपराला टायफॉइड होता. दाखला होता. प्रोग्रामने शून्य दिलं आणि नापास केलं. मुख्याध्यापकांनी चूक ओळखून निकाल पेनने दुरुस्त केला, पण बाप ऐकेना. त्याला वाटलं, मास्तरांनी पोरीवर दया केली, आणि दयेवर काही दहावी निघत नाही. त्याने तिची शाळा बंद केली होती.

 दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "मॅडम, चला." देवळ्यावरून जाणाऱ्या सटाण्याच्या एसटीत त्यांची तयारी चालली होती. "व्हायरस म्हणू? की लाइट गेली म्हणू?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. 

मुलीच्या घरासमोर कांद्याचा ढीग होता. ती निवडत बसली होती, तिने मान वर केली नाही. सरांनी बापाला सांगितलं, की पोरगी पास आहे.

"मास्तर, कॉम्प्युटरनी सांगेल शे," तो अहिराणीत म्हणाला, म्हणजे कॉम्प्युटरनेच नापास सांगितलंय. "त्यानी काय दुश्मनी शे?"

आता व्हायरस निघणार, असं मला वाटलं. सरांनी रुमालाने चेहरा पुसला. "दुश्मनी नाही हो. तो चुकतोय हे आम्हाला आधीच दिसलं होतं. या बाईंनी दाखवलं होतं. मी झाकलं. पोरगी पास आहे, दादा. नापास मी आहे."

 बापाआधी मुलगीच म्हणाली, "म्हनजे मी नापास नव्हतेच?"

"नव्हतीस, बाळा."

ती पुन्हा कांदे निवडायला लागली, पण आता चांगले आणि सडके एकाच ढिगात टाकत होती. बापाने बाज पुढे ओढली. मग म्हणाला, "बठा, मास्तर. नापास मानूस बी चहा पेस." सर त्या चहात काहीतरी पडल्यासारखे कपात बघत बसले. त्यांच्याविषयी इतकी माया मला त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि तसं वाटल्याचा रागही आला.

जूनमध्ये ती दहावीच्या वर्गात बसली. सर मात्र सुधारले वगैरे नाहीत. पुढेही पडद्यावर हात ठेवत राहिले आणि मी तो बाजूला करत राहिले. तीन-चार वर्षांनी ते गेले.

शोकसभेला त्यांचे सगळे मुख्याध्यापक आले होते. एकाने माइक धरून सांगितलं, "सरांच्या हातून आयुष्यात कधी चूक झाली नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मी उभी राहिले. "झाली होती," मी म्हटलं. "आणि ती सांगायला ते एसटीने देवळ्यापर्यंत गेले होते. तुमच्यातलं कोण कुठवर गेलंय?"

"बाई, खाली बसा," कोणीतरी मागून म्हणालं.

मी बसले नाही.