चारबागच्या सुखावरचा कर

मी आयुष्यात एकदाच महिनाभर हॉटेलात राहून चैन केली, असं आयकराच्या नियमाचं म्हणणं आहे. ती चैन कशी होती ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

कंपनीने माझी नागपूरहून लखनौला बदली केली. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडेच राहायचे, त्यामुळे तेही आले. गोमती नगरमध्ये कंपनीच्या मालकीचा फ्लॅट मला मिळणार होता. तो तयार होईपर्यंत कंपनीने आम्हाला चारबाग स्टेशनजवळच्या हॉटेलात ठेवलं. अ‍ॅडमिनचे साहेब म्हणाले, "बस दो-तीन दिन, मैडम." मग रंगकाम अडलं. रंग झाला तर पंप बिघडला. पंप आला तर प्लंबर कुणाच्या तरी लग्नाला गावी गेला.

जूनचे दिवस होते. खोलीला एक खिडकी होती आणि ती उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत. एसी गार हवेपेक्षा पाणीच जास्त सोडायचा. खाली ऑटोवाल्यांचे हॉर्न आणि गिऱ्हाइकांशी घासाघीस, रात्र असो की दिवस. मी बाथरूमच्या नळावर कपडे वाळत घालायची आणि ओलसरच घालून ऑफिसला जायची. बाबा पहाटे उठून आपला चहा आपण करणारा माणूस. इथे फोन करून मागवलेला चहा थंडगार यायचा, म्हणून ते गर्दीतून वाट काढत टपरीवर जायचे. माझी झोप मोडू नये म्हणून दिवा न लावता बाहेर कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर पेपर वाचत बसायचे. "माझी तुला अडचणच होते बघ," हे वाक्य ते तिथेच शिकले. नागपूरच्या घरात असं कधी म्हणाले नव्हते.

तीन आठवडे झाले तेव्हा त्यांनी हट्टच धरला. घर लागलं की येतो म्हणाले आणि नागपूरला माझ्या भावाकडे गेले. पुढच्या आठवड्यात मला फ्लॅटची किल्ली मिळाली.

बाबा आले नाहीत. दर रविवारी फोनवर नवी सबब. आधी पाऊस, मग गुडघे, मग नातवाची परीक्षा. आपण लेकीला अडचण आहोत हे त्यांच्या मनाने घेतलं होतं, आणि ते काढायचं कसं हे मला कळत नव्हतं. त्यांची खोली मी लावून ठेवली होती. तिथे कुणी झोपत नव्हतं.

मार्चचा पगार हातात आला तो बराच कापून. मी अकाउंट्समध्ये गेले. तिथल्या बाबूंनी शांतपणे समजावलं की बदली झाल्यावर हॉटेलात पंधरा दिवस राहायला माफी आहे. त्यापुढचं राहणं म्हणजे कंपनीने दिलेली सुविधा. पगाराचा ठरलेला हिस्सा किंवा हॉटेलचं बिल, यांत जे कमी ते माझं उत्पन्न, आणि त्यावर कर. माझ्या बाबतीत बिल कमी होतं, म्हणून बिल धरलं. त्यात 'एक्स्ट्रा बेड' अशी एक वेगळी ओळ होती. म्हणजे बाबा ज्या पलंगावर कुशी बदलत पडायचे, तोही माझी कमाई.

मी म्हटलं, फ्लॅट तुमचा तयार नव्हता, मी काय हौसेने राहिले?

"मैडम, नियम में वजह का कॉलम ही नहीं है," ते म्हणाले.

तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याने त्रास दिला त्याचा खर्च, ज्याने सोसला त्याचं सुख, आणि कर सोसणाऱ्याने भरायचा. मी वरपर्यंत मेल लिहिले. शेवटी साहेबांना उपरती झाली आणि कापलेली रक्कम पुढच्या पगारात भत्ता म्हणून आली. तो भत्ताही उत्पन्नच, त्यामुळे त्यातूनही कर कापून. नुकसानभरपाईतही सरकारचा वाटा असतो हे मला तेव्हा कळलं. बाबू म्हणाले, ये तो होगा ही.

पण ते नंतर. पगार कापला त्या दिवशी रागाच्या भरात मी बाबांना फोन लावला आणि सगळं ओकून टाकलं, एक्स्ट्रा बेडसकट. दोन दिवसांनी भावाने माझ्या खात्यात पैसे पाठवले आणि कळवलं, बाबांनी पाठवायला लावलेत, त्यांच्या पलंगाचे.

मी रडले आणि मग पुन्हा चिडले, नक्की कुणावर ते मलाही सांगता येणार नाही. फोन करून म्हटलं, बाबा, हे पैसे मी घेणार नाही, तुम्ही इथे या. ते म्हणाले, नको, तुला आणखी भुर्दंड पडायचा. मग अगदी हलक्या आवाजात विचारलं, "आता राहतेस तो फ्लॅटही कंपनीचाच ना? त्यावर लागतो का?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण त्यांच्याशी जमत नाही. लागतो, मी म्हटलं.

"मी आलो की वाढेल?"

"नाही. तो माझ्या पगारावर ठरतो. घर गळकं असो, चांगलं असो, मी एकटी राहो की दहा जण राहोत, कर तेवढाच."

"एकटी राहिलीस तरी कमी होत नाही?"

"एक रुपयासुद्धा नाही."

बाबा जन्मभर पोस्टात होते. अर्धा रिकामा गेलेला टपालाचा थैलाही त्यांच्या जिवाला लागायचा.

"हा कुठला न्याय," ते एकदम तापून म्हणाले. "दोन खोल्यांचा कर भरायचा आणि एकीतच झोपायचं? माझं तिकीट काढ."