मास्तरिणीच्या जागी

पेंटरचं खरं नाव गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं आणि विचारायची गरजही कुणाला पडली नव्हती. हयातभर त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या. न्हाव्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांची अक्षरं त्याच्याच हातची. पुढे छापील फलक आले आणि ब्रश घरी बसला, त्याच्याबरोबर पेंटरही बसला. माणूस तसा गरीब स्वभावाचा, पण एक खोड होती. कुठलीही गोष्ट एक हात रंग मारला की सुधारते, असं त्याला मनापासून वाटायचं. भिंतीला ओल आली, मार रंग. दार कुजलं, मार रंग. बायको म्हणायची, "मी मेले की मलाही एक हात मारतील आणि म्हणतील, बघा, कशी नव्यासारखी दिसतेय!"

बायकोचा जीव कोंबड्यांत. घरामागे भिंतीने वेढलेली बोटभर जागा, तिथे तिचं खुराडं आणि तिचं राज्य. या राज्यात पेंटरचं काम पाणी आणायचं, दाणे आणायचे आणि बोलणी खायची. नवीन कोंबडी आणायची झाली तर तिचे कायदे कडक होते. एकटी आणायची नाही, जोडीने आणायची, म्हणजे सगळा मार एकीवर पडत नाही. आणल्या आणल्या कळपात सोडायची नाही. मधे जाळी लावायची, इकडच्यांनी तिकडच्यांना पोटभर बघू द्यायचं. चांगले आठ-दहा दिवस गेले की मग दिवेलागणीला, जुन्या पेंगायला लागल्या की, नवीला उचलून अलगद दांडीवर त्यांच्या शेजारी बसवायचं. सकाळी सगळ्या एकत्रच जाग्या होतात.

"आपल्या लग्नात एवढी काळजी कुणी घेतली नव्हती," पेंटर एकदा म्हणाला होता.

"तेव्हा ठरवायला मी कुठे होते? मला तर आणलं तशीच सोडली तुमच्या आईपुढे!"

असं हसत-खिदळत चाललं होतं. मग बायको विसरायला लागली.

आधी दुधाखालचा गॅस विसरली, मग शब्द विसरली, मग माणसं. एकुलती एक लेक परगावाहून भेटायला आली, तर तिला पाण्याचा पेला देऊन विचारलं, "कुणाकडे आलात?" लेक न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. नळाचा आवाज पेंटरला बाहेर ऐकू येत होता आणि त्यातलं रडणंही. डॉक्टर म्हणाले, रोजचं जे आहे ते तसंच चालू ठेवा, ओळखीचं काही बदलू नका. त्यापुढे त्यांनीही हात टेकले.

पण सकाळी खुराड्याचं दार उघडलं की बायको ताळ्यावर यायची. सगळ्यांत पुढे बाहेर पडायची ती मास्तरीण. तांबूस, अंगाने भरलेली म्हातारी कोंबडी, मानेवर पांढरा ठिपका, जणू खडूचा हात लागलाय. बाकीच्यांना चोचीच्या धाकात ठेवायची म्हणून बायकोनेच ते नाव ठेवलेलं. ती येऊन सरळ बायकोच्या मांडीवर बसायची आणि तिच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता बायको मागे न बघता हाक मारायची, "अहो, पाणी आणा की!"

त्या एका "अहो"वर पेंटरचा अख्खा दिवस निघायचा. नंतर दिवसभर ती त्याच्याकडे रिकाम्या नजरेने बघो, जेवणाचं ताट सरकवो, सकाळी एकदा तरी तो तिचा नवरा असायचा. त्याने मनाशी पक्कं धरलं होतं, मास्तरीण आहे तोवर आपण आहोत. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट आहे, पण माणूस बुडायला लागला की काय काय धरून ठेवतो.

आणि मग त्याने स्वतःच घात केला. खुराडं जुनं झालं होतं, खालच्या फळ्या कुजून भुगा पडत होता. रंग मारून भागेना, तेव्हा कुठे त्याने करवत हातात घेतली. समोरच्या कोपऱ्यात, ऊन येईल असं नवं खुराडं बांधलं. दांड्या बसवल्या, अंडी घालायला खोकी ठेवली, पिवळा रंग दिला आणि दारावर वळणदार अक्षरांत लिहिलं, "मास्तरीणबाईंची शाळा". दुपारी कोंबड्या धरून धरून आत दाखवून आणल्या आणि लगेच जुनं खुराडं मोडून टाकलं. घर बदललं की कोंबड्यांना तीन-चार दिवस आतच कोंडून ठेवायचं, नाहीतर त्या अंधार पडला की जुन्या जागी परततात, हे बायकोने त्याला शंभरदा सांगितलेलं. त्या दिवशीही सांगितलं असतं. पण त्या दिवशी ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि पेंटरला आपल्या पिवळ्या रंगाचं कौतुक आवरत नव्हतं.

संध्याकाळी तरण्या कोंबड्या त्याने हुसकून आत घातल्या. दार लावलं. मोजल्या नाहीत. मास्तरीण जुन्या खुराड्याच्या जागी, मोकळ्या जमिनीवर, पंख मिटून बसली होती. तिच्या लेखी तेच घर होतं.

सकाळी तिथे पिसं होती. भिंतीच्या पडलेल्या कोपऱ्यातून कुत्रं आलं असणार. बायको उठायच्या आत त्याने पिसं गोळा केली, जमिनीवर पाणी ओतलं, आणि ओतता ओतता रडला.

"मास्तरीण कुठाय?" बायकोने दार उघडल्या उघडल्या विचारलं.

"असेल इथेच. येईल."

ती दिवसभर भिंतीशी उभी राहून "ये ये ये" करत राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिने हाक मारणं सोडलं, आणि "अहो" म्हणणंही.

"बाबा, तिला खरं काय ते सांगून टाका," लेक फोनवर म्हणाली.

"सांगितलं तर रोज नव्याने रडेल गं. तिला काल रडले हे आठवणार आहे का?"

पेंटरला मात्र दुसराच उपाय सुचला होता. तो बाजारात गेला, एकेका कोंबडीवाल्याच्या टोपल्या पालथ्या घातल्या आणि तशीच तांबूस, तेवढ्याच अंगाची कोंबडी शोधून काढली. मानेवर ठिपका तेवढा नव्हता. आता पेंटरला ठिपक्याचं काय कौतुक! घरी येऊन त्याने बारीक ब्रश काढला, पांढरा रंग कालवला, कोंबडी काखेत दाबली आणि ठिपका असा हुबेहूब उतरवला, की तिच्या आईनेसुद्धा फसावं. जाळी लावायला, आठ-दहा दिवस वाट बघायला त्याला सवड नव्हती. तेवढ्यात बायको किती लांब गेली असती कोण जाणे.

सकाळी बायकोला त्याने खुर्चीवर आणून बसवलं आणि म्हणाला, "बघ कोण आलंय!" नवी कोंबडी कळपात सोडली. क्षणभर बायकोचा चेहरा उजळला. पेंटरने तेवढंच बघितलं.

कोंबड्यांना हुबेहूबपणाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी परकी कोंबडी बघितली आणि तिच्या मानेवर चकाकणारा, वासाचा ठिपका बघितला. एकीने जाऊन त्यावर चोच मारली. मग दुसरीने. रंगाची खपली निघाली, खालून रक्त आलं आणि रक्त दिसल्यावर सगळ्याच तुटून पडल्या. नवी भिंतीच्या कोपऱ्यात डोकं खुपसून ओरडायला लागली. पेंटर नुसता "हाड हाड" करत हात उडवत राहिला.

बायको खुर्चीतून उठली. कित्येक महिन्यांत ती इतक्या चपळाईने हलली नव्हती. कळपात घुसून तिने नवीला उचललं, छातीशी धरलं, मान चाचपली. बोटांना पांढरा रंग लागला. तिने बोटांकडे बघितलं, मग पेंटरकडे.

"ही मास्तरीण नाही," ती म्हणाली. "ही नवीन आहे. नव्या कोंबडीला असं सोडतात? अक्कल गहाण ठेवली का?"

पेंटरने मान खाली घातली.

"मास्तरीण मेली ना?"

"हो."

"हं," ती म्हणाली. कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने पुसलं नाही. मग म्हणाली, "औषधाची डबी आणा. जाळी आणा. आणि हिला एक जोडीदारीण आणा, एकटी नाही टिकायची."

पेंटर धावत सुटला. मास्तरीण मेल्याचं दुःख होतंच, पण आत कुठेतरी त्याला नाचावंसं वाटत होतं. शिव्या घालणारी, हुकूम सोडणारी त्याची बायको परत आली होती. पुढचे दिवस दोघांनी घरामागेच काढले. जाळीच्या इकडे जुन्या, तिकडे नव्या दोघी. बायको बसल्या जागेवरून हुकूम सोडायची: दाण्याच्या ताटल्या दोन ठेवा, नाहीतर एकीवरून भांडतील, पाणी दोन्हीकडे ठेवा, ती काळी कोंबडी डूख धरून आहे, तिला जरा लांब बांधा. जुन्या खुराड्याची एक दांडी त्याने जळणातून शोधून आणली, तीही तिने नव्या खुराड्यात लावून घेतली. तिला शब्द सापडत होते, कामाचा क्रम सापडत होता. पेंटरने लेकीला फोन करून सांगितलं, "आई सुधारतेय." लेक फोनवरच रडली, पण या वेळी वेगळं. बायको आपल्याला "अहो" म्हणत नाही, नुसतं "हे आणा, ते करा" म्हणते, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. कामाच्या गडबडीत असेल, असं त्याने स्वतःला समजावलं.

जखम भरली तशी एका दिवेलागणीला तिने जाळी काढायला लावली. जुन्या कोंबड्या दांडीवर पेंगत होत्या. तिने एकेक करून नव्या दोघींना उचललं आणि त्यांच्यात बसवलं. काळीने एकदा मान वर केली, बघितलं आणि पुन्हा पिसांत चोच खुपसली. सकाळी दार उघडलं तर सगळ्या एकाच घोळक्यात बाहेर पडल्या, कोण जुनी कोण नवी कळेना. संध्याकाळपर्यंत कुणी कुणाला टोचलं नाही.

खुराड्याचं दार लावून पेंटर बायकोशेजारी येऊन बसला. म्हणाला, "झाल्या बघ आपल्यातल्या."

"झाल्या," ती म्हणाली. समाधानाने हसली. मग खोक्यातली अंडी फडक्यात बांधून त्याच्या हातात दिली.

"दादा, ही तुम्हाला. बरेच दिवस राबलात. माणूस भला आहात तुम्ही, नाहीतर आजकाल परक्यासाठी कोण एवढं करतं?"

पेंटरने पुरचुंडी दोन्ही हातांनी धरली.

"आता निघा, अंधार पडला. आमचेही येतीलच इतक्यात. पाट्या रंगवायला गेलेत." तिने लाजल्यासारखं केलं. "त्यांना मी सांगेन तुमच्याबद्दल."

पेंटर उठला. काय करावं सुचेना, म्हणून मागच्या दाराने खरोखरच बाहेर पडला. घराला वळसा घालून गल्लीत आला. तोंडावर हात फिरवला, केस सारखे केले, कामावरून दमून यायचा तसा पायऱ्या चढला आणि कडी वाजवली.

"आलो गं," तो म्हणाला.

तिने घाईघाईने दार उघडलं. आधी त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या मागे, रिकाम्या गल्लीत.

"तुम्ही होय," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला. "ते नाही आले अजून. या, बसा."

पेंटर आत आला आणि अंडी मांडीवर धरून पाहुण्यांच्या खुर्चीवर बसला.