रॅम्पवरचा स्लॅब

भोगवटा प्रमाणपत्र मंगळवारी दुपारी पोर्टलवर आलं. ज्यांच्यासाठी ते घर बांधलं होतं, त्या बाई आदल्या शुक्रवारी सकाळी इंदापुरातल्या भाड्याच्या घरात, पहिल्या मजल्यावर वारल्या.

मी बारामतीत राहतो. घरं बांधणाऱ्या ठेकेदारांची परवानगीची कागदपत्रं करून देतो. नकाशाच्या मंजुरीपासून भोगवट्यापर्यंत. भोगवटा म्हणजे घर मंजूर नकाशाप्रमाणे झालं आहे, राहायला हरकत नाही, असा दाखला. हे काम निमगाव केतकीच्या एका ठेकेदारामार्फत आलं होतं. घरमालक वालचंदनगरच्या कारखान्यात, तपासणी विभागात होते. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं. त्यांच्या पत्नीची डावी बाजू अर्धांगवायूने गेली होती. भाड्याची जागा वरची मिळाली. त्यांना खाली आणायचं तर दोन माणसांना चाकांची खुर्ची उचलावी लागे. त्यामुळे दवाखान्याशिवाय त्या जिना उतरत नसत. नवं घर इंदापुरातच, तळमजल्याचं होतं.

नकाशात बाजूच्या दाराला तीन पायऱ्या होत्या. ठेकेदाराने त्या जागी खुर्चीसाठी रॅम्प केला. त्याला कुणाचीच हरकत नव्हती. पण पावसात उतार निसरडा होईल म्हणून त्याने वर स्लॅबही टाकला, आणि तो थेट कुंपणाच्या भिंतीला नेऊन टेकवला. नियमाने ती जागा मोकळी सोडायची असते. त्याने कुणाला विचारलं नव्हतं. सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात, असं तो मला नंतर म्हणाला.

तपासणीच्या दिवशी बाईंनाही घर दाखवायला आणलं होतं. त्यांची खुर्ची स्लॅबखालीच उभी केली होती. नगरपरिषदेच्या अभियंत्यांनी टेप धरला, नकाशा पाहिला.

"रॅम्प राहू द्या. हे वरचं नकाशात नाही."

"काका, उद्या ब्रेकर लावतो," ठेकेदार घरमालकांना म्हणाला. "दुपारपर्यंत साफ."

"माझ्या डोक्यावरचं काढतोस होय रे?" बाई म्हणाल्या. "सावली चांगली आहे इथं."

अभियंत्यांनी दुसरा मार्ग सांगितला. भिंतीकडचा भाग कापला तर उरलेलं छत नियमात बसतं. मात्र सुधारित नकाशा मंजूर करून घ्यावा लागेल, भोगवटा त्यानंतर. घरमालकांनी तो मार्ग धरला. अभियंते गेल्यावर ठेकेदार म्हणाला, "तवर राह्यला तर या. आख्ख्या लाइनीत भोगवटा कुणाकडं हाय? दूध उतू घाला, पूजा करा. कागद येतोय की मागनं."

"शिक्का पडल्याशिवाय माल गेटबाहेर सोडला नाही मी कधी," घरमालक म्हणाले.

"लग्नात माझ्यावर कुठं शिक्का होता?" बाई म्हणाल्या. "तरी आणलंतच ना घरात."

सगळे हसले. तेही हसले. पण राहायला गेले नाहीत.

स्लॅबचा तेवढा भाग त्याच आठवड्यात कापला गेला. कागदाला वेळ लागला. वास्तुविशारदाची सही, नवा नकाशा, एक त्रुटी, तिची पूर्तता. मग कार्यालयातले बरेचसे कर्मचारी निवडणुकीच्या कामावर गेले. दर सोमवारी घरमालकांचा फोन यायचा, "काही हललं का?" एकदा फोन बाईंनी घेतला. रॅम्पच्या टोकाला ऊन कधी येतं, हे त्यांना हवं होतं. तिथे तुळस ठेवायची होती. मी ठेकेदाराला विचारलं. तो सकाळी मुद्दाम जाऊन बघून आला.

"काकूंना म्हनावं, नऊपतुर ऊन हाय तितं. मग सावली."

मी तसं कळवलं. त्या म्हणाल्या, "पुरेल तेवढं."

सुधारित नकाशा मंजूर झाला. भोगवट्याचा अर्ज पुन्हा भरला. अभियंते पुन्हा येऊन माप घेऊन गेले. त्यानंतरच्या शुक्रवारी, पहाटे आलेल्या दुसऱ्या झटक्यात त्या गेल्या. त्यांना खाली आणायला खुर्ची लागली नाही.

तेरावं झाल्यावर मी प्रमाणपत्राची छापील प्रत घेऊन गेलो. ठेकेदारही आला होता, दाराशीच उभा राहिला. घरमालकांनी चष्मा लावून कागद पहिल्या ओळीपासून वाचला. गट नंबर पाहिला, क्षेत्रफळ पाहिलं, खालची सही पाहिली.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

ठेकेदाराने राहायला कधी येताय म्हणून विचारलं. घरात गमी झालेली, वर्षश्राद्धापर्यंत वास्तुशांत करता येत नाही, असं घरमालकांच्या थोरल्या भावाने सांगितलं होतं. वास्तुशांतीशिवाय ते जाणार नव्हते.

"आता तरी काका..." ठेकेदार म्हणाला आणि थांबला.

खुर्ची मात्र त्यांनी त्याच दिवशी त्याच्या टेम्पोतून नव्या घरी पाठवली. त्याने ती रॅम्पवर, स्लॅबखाली ठेवली आणि गेटला कुलूप लावलं.