आडवी ठेवलेली मूर्ती

पेणमध्ये गणपतीचे कारखाने गल्लोगल्ली आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांत आता प्लास्टरच्या मूर्ती निघतात. महिपतीने मात्र शाडूची माती सोडली नाही. बापाने शिकवलेले काम त्याने बापाच्याच जागेत आयुष्यभर केले. मुलगा जितेश डोलवीच्या कंपनीत लागला आणि बायकोला घेऊन वडखळला राहायला गेला, तेव्हाही महिपतीने तक्रार केली नाही. घरात त्याची बायको हौसा होती. कारखान्याचे निम्मे काम तिचेच होते.

ते निम्मे काम गिऱ्हाइकाला कधी दिसत नसे. चेहरा, सोंड, डोळ्यांची आखणी हे महिपतीचे. हौसाचा हात आत चाले. साच्यातून काढलेली मूर्ती पोकळ असते आणि तळाशी उघडी. त्या उघड्या तोंडातून हात घालून हौसा मूर्तीचे पोट चाचपायची, माती पातळ वाटेल तिथे काथ्या मिसळलेल्या मातीचा थर द्यायची, कागदाचे बोळे भरायची आणि मूर्ती गोणपाटावर आडवी ठेवून वर ओले फडके घालायची. ती घट्ट होईपर्यंत पाटावर उभी करायची नाही, हा तिचा नियम होता. महिपती घाई करू लागला की ती म्हणायची, "निजू दे त्याला. तुमच्यासारखा उठला की बसला, असं नाय करायचं."

मार्गशीर्षात हौसा गेली. दिवसकार्य होईपर्यंत घर माणसांनी भरलेले होते. मग जो तो आपल्या कामाला लागला. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. शेजारचा पुंडलिक येता-जाता विचारी, "काय महिपतीभाऊ, बरं हाय ना?" आणि महिपती सांगे, "बरं हाय." प्रश्नाने अपेक्षिलेले उत्तर देऊन प्रश्नाला वाटेला लावणे ही आपल्या समाजातली फार जुनी सभ्यता आहे. दुःखाने मोठ्याने हंबरडा फोडला तर चार माणसे धावून येतात. ते आतल्या आत बसत गेले, तर शेजाऱ्याची झोपसुद्धा मोडत नाही.

आषाढात महिपतीच्या मूर्ती बसू लागल्या. साच्यातून नीट निघालेली मूर्ती संध्याकाळी ताठ दिसे आणि सकाळी तिची छाती आत गेलेली असे, हनुवटी खाली, सोंड पोटात रुतलेली. त्यांतल्या दोन रोह्याच्या कमळाकरच्या होत्या. कमळाकर वाल आणि भात पिकवणारा शेतकरी. त्याच्या आजोबांपासून त्या घराचा लाकडी पाट दरवर्षी महिपतीच्या घरी येई आणि त्याच पाटावर बसून गणपती रोह्याला जाई. पूर्वी असे कितीतरी पाट भिंतीशी टेकून उभे असत. आता स्वतःचा पाट धाडणारे हे एकच घर उरले होते. बाकीचे लोक सणाच्या आदल्या दिवशी येत आणि समोर असेल ती मूर्ती उचलून नेत.

दुसरी मूर्ती बसल्याचे कळले तेव्हा कमळाकरचा फोन आला.

"काय वो महिपतीभाऊ, मूर्ती करताय का घावन घालताय?"

"माती बरी नाय यंदा."

"पेणमधी सगळ्यांना तीच माती ना?"

महिपतीने फोन दुसऱ्या कानाला लावला. कमळाकरचा आवाज खाली आला.

"रागवू नका. घरात पोरं म्हणतात, तयार मूर्ती आणू. मी त्यांना थोपवून धरलंय. बुधवारच्या गाडीनं येतो. तवाबी नाय जमलं, तर पाट घेऊन जाईन."

तो पाट गेला, की या जगात आपल्या हाताची वाट पाहणारे कुणी उरणार नाही, हे महिपतीला लख्ख कळले. त्याने नवी मूर्ती साच्यातून काढली, आतून घाईघाईने हात फिरवला आणि रोह्याच्या पाटावर उभी केली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सून सुरभी भाजी-भाकरी घेऊन आली. ती इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवते. कोपऱ्यातली बसलेली मूर्ती पाहून ती थबकली.

"अगं बाई! बाबा, ही तर इम्प्लोड झाली."

"म्हंजे? फुटली?"

"नाही हो. फुटलं की तुकडे बाहेर उडतात. हिचा एक कण तरी बाहेर पडलाय का? सगळी आतच गेलीय."

"कुणी धक्काबी नाय लावला."

"लागतच नाही ना. वजन रोजचंच असतं. आतला आधार कमी पडला, की तेच वजन भारी होतं."

महिपती हातातले बोटाएवढे कोरणे पुसत राहिला. मग म्हणाला, "हा शब्द मातीलाच लावतात काय?"

"छे! पेपरात तर कशालाही. अमका पक्ष इम्प्लोड झाला, तमकी कंपनी झाली." तिने हातातला डबा खाली ठेवला. "माणसालाही म्हणतात."

"आपल्यात खचला म्हणतात."

"तसंच. पण खचताना दिसतं कुणाला तरी. यात बाहेरून सगळं ठीक वाटतं, आणि मग एकदम." ती पाटावरच्या ताज्या मूर्तीकडे वळली. "पण बाबा, ओलीच उभी का केलीत? आई मला हातसुद्धा लावू देत नव्हत्या. 'गो, निजू दे त्याला' म्हणायच्या."

"उभी ठेवली की वारा लागतो."

सुरभीने दाराकडे पाहिले. बाहेर पावसाळी, कोंदट हवा. पान हलत नव्हते.  निघताना ती म्हणाली, "वडखळला या ना राहायला."

"आन् ह्यांना कोण बघंल?" महिपती म्हणाला, आणि 'ह्यांना' हा शब्द त्याचा त्यालाच ऐकू आला.

ती गेल्यावर तो स्टुलावर बसला. समोर ओळीने उभ्या मूर्ती. रंग नाही, डोळे नाहीत, पण सगळ्यांची तोंडे त्याच्याकडे. सकाळी चहाचा कप घेऊन आत यावे, तर खोलीत कुणीतरी आहे असे वाटावे, म्हणून त्याने त्या उभ्या केल्या होत्या. वारा नव्हे, माती नव्हे. आडव्या मूर्ती फडक्याखाली गेल्या, की खोली रिकामी होई, आणि ती रिकामी खोली त्याला पाहवत नव्हती. नियम त्याला पाठ होता. तो पाळायला लागणारे बळ मात्र हौसाबरोबर गेले होते.

पाटावरच्या मूर्तीच्या छातीवर त्याने अंगठा टेकवला. माती आत दबली.

त्याने दोन्ही हातांनी मूर्ती पाटावरून उतरवली. गोणपाट अंथरला. ती आडवी करून तळातून हात आत घातला, कोपरापर्यंत. हौसाचा हात बारीक होता. त्याचा जेमतेम मावला. बोटे चाचपत गेली, तेव्हा गळ्याखाली पातळ जागा लागली. तिथे त्याने काथ्याच्या मातीचा थर दिला, कागदाचे बोळे भरले, वर फडके ओले करून घातले. मग एकेक करत सगळ्याच ओल्या मूर्ती निजवल्या. रोह्याचा पाट धुऊन भिंतीशी टेकवला. खोलीत उभे असे काहीच उरले नाही.

बुधवारी कमळाकर आला. दारातूनच त्याने पाट पाहिला.

"मोकळाच हाय की! मूर्ती कुठाय?"

"निजलीय."

महिपतीने फडके बाजूला केले. कमळाकर उकिडवा बसला. मूर्तीच्या गळ्याखाली त्याने बोट टेकवले, जरा दाबले. माती ओली होती, पण दबली नाही.

"उभी कधी करणार?"

"ती सांगंल तवा."

"हौसावैनी असंच म्हणायच्या," कमळाकर म्हणाला.

"व्हय. तिचंच हाय ते."

कमळाकरने चहा घेतला, सुक्या वालांची पिशवी ठेवली आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठला. पाटाजवळ तो क्षणभर थांबला. मग पाट तिथेच ठेवून गेला.

संध्याकाळ झाली. महिपतीने दिवा लावला. चारी भिंती उघड्या, मध्ये रिकामे स्टूल, आणि जमिनीवर फडक्याखाली मूर्ती. एकदा तो उठलाच. वाकून त्याने फडक्याची कड धरली. आतल्या मूर्तीला उचलायला फार वेळ लागला नसता.

त्याने फडके पुन्हा ओले केले, नीट पांघरले, आणि त्या रिकाम्या खोलीत स्टुलावर जाऊन बसला.