एक जूनची माणसं

पुण्याच्या साहेबांचं एकच पालुपद असायचं: "कोड आता एआय लिहितंय, मग तू नांदेडात बसून करतेस काय?" काय करते? चार एजंट सांभाळते! स्क्रीनवर चार खिडक्या, प्रत्येकीत एक एआय, चौघं एकाच वेळी कोड लिहून राहिलेत आणि त्यांच्या मागं मी एकटी. करून बघा म्हणावं एकदा.

काम लातूरच्या एका दवाखान्याचं होतं. पेशंटच्या जुन्या नोंदी नव्या सिस्टीममध्ये न्यायच्या, सोमवारी चालू करायचं. काही लोकांच्या दोन-दोन फायली झाल्या होत्या. त्या जोडायला एका एजंटला सांगितलं, त्याचं काम तपासायला दुसऱ्याला. उरलेले दोघं बिलांच्या आणि औषधांच्या मागं. दुपारपर्यंत चौघांचा एकच सूर: झालं, सगळं बरोबर.

जोडलेल्या फायली उघडल्या आणि माझं डोकंच फिरलं. नाव तेच, गाव तेच, जन्मतारीख एक जून, म्हणजे माणूस एकच, असं पहिल्यानं धरलं होतं. दुसऱ्यानं नुसती मान डोलावली होती. अरे, आमच्याकडं निम्म्या म्हाताऱ्यांची तारीख एक जून! शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठोकून दिलेली. माझ्या वडिलांचीसुद्धा तीच, लोहा गावच्या शाळेतली. इथं एका बाबांना पेनिसिलिन चालत नव्हतं, दुसऱ्यांना चालायचं, आणि दोघांची फाईल एक करताना ती नोंदच पुसली गेली होती.

चौघांना थांबवलं आणि साहेबांना फोन लावला.

"चौघं बरोबर म्हणतात आणि तू एकटीच नाही म्हणतेस?"

"हो. त्या चौघांपैकी एकाचाही बाप लोह्याच्या शाळेत गेलेला नाही."

"अशा केसेस असून असून किती असतील? आधी चालू कर, नंतर बघू."

"नंतर म्हणजे? माणूस मेल्यावर? मी चालू करणार न्हाई. काढायचं तर काढा मला!"

त्यांनी फोन आपटला. भीती वाटली का? लई वाटली. अशी नोकरी नांदेडात दुसरी कुठं होती? तरी नियम बदललाच: एक जून दिसली की सिस्टीमनं आपल्या मनानं काही जोडायचं नाही, काउंटरवरच्या माणसाला विचारायचं. चौघांना पुन्हा जुंपलं आणि या वेळी प्रत्येकाचं काम मी स्वतः तपासलं.

सोमवार हुकला, मंगळवारी चालू झालं. सकाळीच दवाखान्यातल्या काउंटरवरच्या ताईंचा फोन आला.

"मॅडम, दोन बाबा समोर उभे हायत. एकाच गावचे, नाव एक, एक जूनच. मशीन विचारून राहिलंय, हा एकच माणूस का म्हणून. काय दाबू?"

"दोघं हायत ना ताई समोर? मग 'नाही' दाबा."